उपाशी म्हणजे उपास नव्हे

“शेट्यांच्या बरोबर कोण आहे?”

डॉक्टर शर्वरी इनामदार दारात उभ्या होत्या. एका हातातला मोजा निघाला होता, दुसऱ्यातला निघायचा होता. दाजींना आत नेऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. दुर्बिणीच्या तपासणीतून डॉक्टर इतक्या लवकर बाहेर आल्या तर नातेवाइकानं काय समजायचं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ते चांगलं लक्षण समजलो आणि हसत उठलो.

“मी यांची बायको,” अक्का म्हणाली. “हा माझा भाऊ, विलास. कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवतो.”

इकॉनॉमिक्सचा जठराशी काय संबंध, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

“उपाशी आणायला सांगितलं होतं ना?”

“उपाशीच आणलंय. काल रात्रीपासून पोटात काही नाही.”

“या आत. दाखवते.”

आत दाजी कुशीवर पडले होते. गालाखाली टॉवेल, डोळ्यांत पाणी. घसा बधिर केलेला, नाहीतर तशाही अवस्थेत त्यांनी “या पाव्हणं” म्हटलं असतं. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर एक गढूळ तळं होतं आणि तळ्यात फुगलेले पांढरे मणी तरंगत होते. मधूनमधून शेंगदाण्याचे तुकडे. अक्काच्या हातची खिचडी मी जन्मभर खात आलो होतो, पण रंगीत पडद्यावर पहिल्यांदाच बघत होतो.

“हा साबुदाणा,” डॉक्टर म्हणाल्या. “अशा भरल्या पोटात मी दुर्बीण फिरवत बसले आणि यांना उलटी झाली, तर हे सगळं श्वासनळीत जाईल. म्हणून बाहेर काढली. पुढची तारीख घ्या.”

“पुढची म्हणजे उद्या?” मी विचारलं.

“उद्या मी पुण्यात असते. पंधरा दिवसांनी परत येईन.”

त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे एक पाटी होती. ‘तपासणीस उपाशी यावे. उपाशी म्हणजे उपास नव्हे. साबुदाणा, वरी, केळे, राजगिरा लाडू चालणार नाही.’ पाटी रंगवून घ्यावी लागली यावरून आमच्या फलटण तालुक्यातल्या भाविकांनी त्या बाईंना किती छळलं असेल, याची कल्पना यावी.

पंधरा दिवस आमच्याकडे नव्हते. ते का नव्हते, हे आधी सांगायला हवं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भालचंद्र शेटे. विजेच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं आणि खाणं हा जोडधंदा. रक्तात साखर निघाल्यापासून अक्कानं त्यांच्यावर पहारा बसवला. मग दाजी चोरून खाऊ लागले. तांब्याच्या तारेच्या रिळामागे शेवेची पुडी, हेल्मेटमध्ये जिलबी. अक्का रोज संध्याकाळी विचारायची, “आणखी काय खाल्लंत?” दाजी रोज म्हणायचे, “काय न्हाई.” हा संवाद इतकी वर्षं चालला होता, की दोघांनाही तो संसारच वाटत असावा.

त्या हिवाळ्यात दाजी झपाट्यानं उतरले. सदऱ्यात आणखी एक दाजी मावतील इतके. गावानं अक्काचं अभिनंदन केलं. अक्कालाही वाटलं, पहाऱ्याला यश आलं. मग पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, आणि महिन्यापूर्वी डॉक्टर इनामदारांनी पहिल्यांदा दुर्बीण घातली. जठराच्या आतून तुकडे घेऊन तपासायला पाठवले. रिपोर्ट आला: जुनी सूज, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. अक्कानं गल्लीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मला फोन आला.

“रिपोर्ट चांगला आहे. पण मला पटत नाही.”

चांगला रिपोर्ट आल्यानं नाराज झालेल्या डॉक्टर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“आतल्या घड्या फार जाड आहेत,” त्या म्हणाल्या. “नुसत्या सुजेनं एवढ्या होत नाहीत. माझ्या चिमट्यात वरवरचे तुकडे आले. काही आजार अस्तराच्या खाली पसरतात, वरची साल धडधाकट असते. आपण सालच तपासली असेल. मला पुन्हा, खोलवर जाऊन तुकडे घ्यायचेत.”

पण आमचे घरचे डॉक्टर भोईटे यांना रिपोर्ट पुरता पटला होता. सूज आहे तर सूज उतरवायच्या गोळ्या, लगेच सुरू. डॉक्टर इनामदारांनी त्यांना फोन करून जेमतेम या शनिवारच्या तपासणीपर्यंत थोपवलं; सोमवारी गोळ्या सुरू होणारच होत्या. मला म्हणाल्या, “मला ज्याचा संशय आहे, तो आजार त्या गोळ्यांनी दबा धरून बसतो. पेशंटला आठ दिवसांत बरं वाटतं, तुम्ही सगळे खूश होता, आणि मला तुकड्यात काहीच सापडत नाही. मग तो परत उठतो तेव्हा उशीर झालेला असतो.”

थोडक्यात, हा शनिवार हुकला की सोमवार होता.

दाजींना बाहेर आणून बाकावर बसवलं. अक्का त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. ती आवाज चढवत नाही तेव्हा आमच्या घरात भांडी घासणारी बाईसुद्धा नळ बंद करते.

“कुठं खाल्लंत?”

दाजींनी मान हलवली.

“पोटात काय साबुदाण्याचं रोप उगवलं?”

शेजारून जाणारी सिस्टर थांबली. “मावशी, यांना मी सकाळी समोरच्या गाड्यावर बघितलं की. ते काय, बबनच्या.”

बबनचा गाडा इस्पितळाच्या फाटकासमोर होता. आणि त्या दिवशी शनिवार. शनिवारचा उपास करणारे गावात कमी नाहीत, त्यामुळे बबनच्या कढईत शनिवारी फक्त साबुदाणा असायचा. पुरावा इतका भक्कम होता की कोर्टानं साक्षीदारसुद्धा बोलावले नसते.

“नंबर लावून येतो म्हणून गेलात,” अक्का म्हणाली. “आणि खिचडी खाऊन आलात. स्वतःच्या पोटाच्या तपासणीला जाताना. अहो, निदान मरायची तरी भीती बाळगायची.”

“गुरुवारची हाय ती,” दाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“काय?”

“खिचडी. एकादशीची.”

अक्का हसली. त्या हसण्यात काहीही विनोदी नव्हतं. “ऐकलंस विलास? गुरुवारी खाल्लेली शनिवारी पोटात. आता ह्यांना म्हणावं, गेल्या दिवाळीचा चिवडा कुठं ठेवलाय तेवढा सांगा.” आणि ती तारीख घ्यायला खिडकीकडे गेली.

मी दाजींशेजारी बसलो. खरं सांगायचं तर माझाही विश्वास नव्हता. या माणसानं माझ्या लग्नात पंगत बसायच्या आधी जेवून घेतलं होतं आणि वर, खाल्लं नाही म्हणून शपथा घेतल्या होत्या.

“दाजी, आता अक्का इथं नाही. मला सांगा. गाड्यावर गेला होता?”

“गेलतो.”

“मग?”

“खाल्लं न्हाई.”

“गाड्यावर जाऊन खाल्लं नाही?”

दाजींनी टॉवेलनं तोंड पुसलं. “पाव्हणं, मी जेवतच न्हाई. लई दिवस झालं.”

“म्हणजे?”

“दोन घास गेलं की पोट गच्च. वरचं वर ऱ्हातं. खाली उतरतच न्हाई. सांजच्याला बाहेर येतं. मोरीत जातो, नळ सोडतो, तिला कळत न्हाई.”

“आणि डबा? अक्का रोज दुकानात डबा देते.”

“मुश्ताक खातो.”

मुश्ताक हा शेजारचा टेलर. अलीकडे तो फार सुटला होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. त्याला कुठलं टॉनिक लागू पडलंय, असं मी विचारलंही होतं.

“अहो, पण सांगायचं ना.”

“कुणाला सांगू? पेढं वाटून झालं हुतं.” ते जमिनीकडे बघत बोलत होते. “तुमच्या अक्कानं सगळ्या गल्लीला सांगितलं, ह्यांना काय झालेलं न्हाई. म्हटलं, काय झालेलं न्हाई तर आपुन तरी कशाला करून दाखवावं.”

खिडकीपाशी अक्का तारीख विचारत होती. आत पुढचा पेशंट गेला. डॉक्टर जेवायच्या वेळेला पुण्याला निघणार होत्या. दाजी खरं बोलत असतील तर काहीतरी करायला हवं होतं, आणि खोटं बोलत असतील तर मी एका तज्ज्ञ बाईंसमोर मूर्ख ठरणार होतो. प्राध्यापक माणसाला दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त असते. मी उठून रस्ता ओलांडला.

बबन झाऱ्यानं कढई खरवडत होता.

“सकाळी एक गृहस्थ आले होते,” मी म्हटलं. “उंच, खंगलेले. ढगळ निळा शर्ट.”

“शेटेदाजी? आलते की. माझा मिक्सर त्यांनीच भरून दिलाय.”

“त्यांनी किती प्लेटा खाल्ल्या?”

“काय नाय खाल्लं.”

“नक्की?”

“साहेब, मीच म्हटलं, दाजी, गरम हाय, लावू का प्लेट? तर नको म्हटले. बराच वेळ कढईजवळ उभे. मागं गिऱ्हाईक खोळंबलं. मी म्हटलं, दाजी, घेणार नाय तर सरकता का जरा? तर म्हटले, थांब की रं, वास घेतोय.”

बबनला यात हसण्यासारखं वाटलं आणि तो हसला. मी रस्ता ओलांडून परत आलो. येताना एक रिक्षावाला मला जे बोलला, ते मला लागू होतं.

तपासणीच्या खोलीबाहेर सिस्टरनं अडवलं. मी तिथेच उभा राहिलो. दार उघडलं तसा आत डोकावलो.

“मॅडम, खिचडी गुरुवारची आहे.”

डॉक्टरांनी वर बघितलं नाही. “सर, पोटात साबुदाणा निघालेला प्रत्येक माणूस मला हेच सांगतो. परवा एक आजोबा म्हणाले, नैवेद्याचा आहे, तो धरत नाहीत.”

“आमच्या घरात साबुदाणा एकादशी-चतुर्थीशिवाय होत नाही. माझ्या बहिणीला विचारा, उगाच साबुदाणा भिजवला तर तिला पाप लागल्यासारखं वाटतं. एकादशी गुरुवारी होती. काल शुक्रवार, काल ज्वारीची भाकरी होती. आणि आज बाहेर त्यांनी खाल्लेलं नाही, मी गाडेवाल्याला विचारून आलोय. ते उभे राहून फक्त वास घेत होते.”

“काय घेत होते?”

“वास.”

त्यांचे हात थांबले.

“बरेच दिवस त्यांचा डबा शेजारचा टेलर खातोय,” मी म्हटलं. “दोन घासांत पोट भरतं म्हणतात. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं पडतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.”

 डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या, “काल भाकरी, आणि मला दिसला साबुदाणा.”

“काल भाकरी मुश्ताकनं खाल्ली.”

“कळलं.” त्यांनी हातातला कागद सिस्टरला दिला. “हे पेशंट झाले की शेटेकाकांना परत घ्या. नाकातून नळी घालून पोट आधी पूर्ण धुऊन घ्यायचं. ड्रायव्हरला सांगा, जेवून घे.”

“म्हणजे आज करणार?”

“आजच करायला हवं. आपल्या पोटात अन्न चार-पाच तासांच्या वर राहत नाही, सर. दोन दिवसांची खिचडी तशीच पडून आहे याचा अर्थ जठरातून खाली जायचं दार बंद होत आलंय. गेल्या महिन्यात ते उघडं होतं, माझी दुर्बीण आरामात पलीकडे गेली होती.” आणि मग, पाटीकडे बघत, “मीच चिडले उगाच. सवय झालीय ना ऐकायची.”

पोट धुवायला तास लागला. बादलीत काय काय निघालं याचं वर्णन मी करणार नाही. दाजी आत गेले, दार लागलं. अक्काला मी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी विचार बदलला. तिनं पर्समधून सोमवारच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटसुलट केलं, परत ठेवलं.

“मग कुठं खाल्लं म्हणाले?” तिनं विचारलं.

“कुठंच नाही.”

“तुलापण फिरवलं वाटतं.”

 या वेळी डॉक्टर लवकर बाहेर येत नव्हत्या, आणि आता मला त्याचा अर्थ लावायची हिंमत होत नव्हती. आतून एकदा दाजींच्या ओकाऱ्यांचा आवाज आला. अक्का उठली, दारापर्यंत गेली, आणि कुणी बोलावलं नाही म्हणून परत आली.

शेवटी दार उघडलं.

“दाराशी घडी फार जाड झालीय,” डॉक्टर म्हणाल्या. “बारीक दुर्बीण घालून पाहिलं. वरून अजूनही तशीच गुळगुळीत आहे. म्हणून या वेळी मी एकाच जागी परत परत चिमटा घातला. पहिल्या तुकड्याच्या खड्ड्यातून दुसरा, त्याच्याखालून तिसरा. विहीर खणतात तसं. शेवटचे तुकडे वेगळे दिसले. पांढुरके, मऊ.”

“म्हणजे काय?” अक्कानं विचारलं.

“आत्ता काहीच म्हणू नका. त्या भोईटे डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सुरू करू नका. काकांना इथंच सलाईनवर ठेवू. तुकडे पुण्याला मी स्वतः नेते.”

भोईटे डॉक्टरांचा सोमवारी फोन आला, मंगळवारीही आला. एका साध्या सुजेचा बाऊ चाललाय, असं त्यांचं मत होतं. दाजींना सलाईनवर भूक लागत नव्हती आणि झोपही लागत नव्हती. अक्का म्हणाली, “एक गोळी देऊन बघूया का रे? निदान माणूस झोपेल तरी.” मी पाकीट तिच्याकडून मागून घेतलं. ते खिशात ठेवून मी कॉलेजात मागणी-पुरवठा शिकवला. पोरांनी त्या आठवड्यात काय ऐकलं असेल, देव जाणे.

पुण्याहून आधी एवढंच कळलं की तुकड्यात काहीतरी आहे. मग कळलं, पेशी गोल गोल आहेत, पण नक्की कुठल्या हे ओळखायला वेगळे रंग लावून पाहावे लागतील. त्याला आणखी काही दिवस. डॉक्टर पुढच्या शनिवारी आपली पाळी नसताना आल्या. गाडी लावून थेट दाजींच्या खोलीत. दाजी बसले होते, अक्का खुर्चीत, मी खिडकीत.

“मला दोन शंका होत्या,” डॉक्टर म्हणाल्या. “एक वाईट, दुसरी जास्त वाईट. वाईटच निघाली.”

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की आम्ही तिघंही आभार मानायच्या बेतात होतो.

“याला लिम्फोमा म्हणतात. अंगाचं रक्षण करणाऱ्या ज्या पेशी असतात, गाठींमधून असतात त्या, त्यांचाच हा आजार. बहुतेकांना मानेत नाहीतर काखेत गाठ येते. काकांचा जठराच्या भिंतीत सुरू झाला.”

“म्हणजे कॅन्सर नाही,” अक्का म्हणाली.

“कॅन्सरच आहे. पण पोटाच्या नेहमीच्या कॅन्सरला बहुतेक वेळा जठर कापावं लागतं. याला सलाईनमधून औषध देतात आणि तो पुष्कळदा वितळतो. त्या गोळ्यांनीसुद्धा वितळला असता, पण थोडाच. आपल्याला फसवण्यापुरता.”

दाजी आज एकाहत्तर वर्षांचे आहेत, हे मी इथेच सांगून टाकतो. वाचकाला विनाकारण टांगून ठेवणं मला जमत नाही, आणि ते स्वतः हे वाचणार आहेत. पण त्या दिवशी त्या खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पेन काढलं. “आता मला पहिल्यापासून सांगा. पुढचं औषध मुंबईला सुरू करायचंय, तिथल्या डॉक्टरांना कळवायला हवं. त्रास कधी सुरू झाला?”

“दिवाळीनंतर,” अक्का म्हणाली.

“गणपतीत,” दाजी म्हणाले.

अक्कानं त्यांच्याकडे बघितलं.

“गणपतीत पयला मोदक खाल्ला आन् वाटलं, कायतरी आडलंय,” दाजी सांगू लागले. सावकाश, क्रमानं, मोटारीत कुठली तार कुठं जळली हे गिऱ्हाइकाला सांगतात तसं. नवरात्रात काय जात होतं, दिवाळीत काय जायचं बंद झालं, मोरीतला नळ, मुश्ताकचा डबा, वजनकाट्यावर खिशात सुटे भाग घेऊन उभं राहणं. डॉक्टर लिहीत होत्या.  अक्काचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं.

डॉक्टर गेल्या. अक्का बराच वेळ चादरीचा कोपरा सारखा करत होती.

“मी एवढी रोज विचारत होते,” ती म्हणाली. “एवढ्यांदा विचारत होते. एकदा तरी सांगायचं.”

“तू विचारायचीस, काय खाल्लंत,” दाजी म्हणाले. “खाल्लं का, असं कुठं विचारायचीस.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. अक्कानं ते ऐकलं, उठली, खिडकीपाशी आली आणि मला म्हणाली, “तू जा आता, तुझा तास असेल.” शनिवारी दुपारी माझा कुठलाही तास नसतो, हे तिला ठाऊक होतं. मी पिशवी घेतली.

दारातून बाहेर पडताना मागे तिचा आवाज ऐकू आला. ठेवणीतला नव्हता, रोजचाही नव्हता. नव्या शेजाऱ्याला माणूस विचारतं तसा, जरा चाचपडत.

“काही खावंसं वाटतंय का?”

“न्हाई,” दाजी म्हणाले.

“बरं,” अक्का म्हणाली, आणि खुर्ची पलंगाजवळ ओढल्याचा आवाज आला.